ठळक जागी

पवनीहून पहिली एसटी पावणेसहाला.
पिशवीत समन्स सात, लईचा डबा,
आणि ही एक नोटीस:
मयत टिकाराम सोनबा शहारे, अनिवासी,
राहणार विनिपेग, मूळ राहणार इथले.
बेलिफाच्या नोकरीतला माझा एकोणिसावा उन्हाळा.

परमुलखात मेलेल्याचे कायदा दोन वाटे करतो.
जंगम त्याच्या मागे जातं:
बँकेतले डॉलर, जुनी गाडी,
बर्फ ओढायचं फावडं.
त्याला तिकडचा न्याय.
स्थावर जागचं हलत नाही:
तीन बांध्या, बोडीत चौथा हिस्सा,
कवेलूच्या दोन खोल्या, मोहाचं झाड एक.
त्यांना इथलाच कायदा,
धनी कुठल्याही थंडीत मरो.

टिकारामनं मृत्युपत्र लिहिलं दवाखान्यात,
जेवणाच्या यादीच्या पाठकोऱ्या बाजूला, मराठीत.
पैसा पोरीला. घर न बांध्या बुधाबाईले.
खाली सही, तारीख.
साक्षीदार नाही.
रात्रपाळीची नर्स होती, पण तिला कोणी विचारलं नाही.

तिकडे चालतं म्हणे तेवढं,
स्वतःच्या हातचं अक्षर असलं की पुरे.
पैसा सरळ पोरीकडे गेला.
तोच कागद, शिक्के लावून, भाषांतर जोडून
आमच्या कोर्टात आला तर अर्धाच निघाला.
जमिनीला दोन साक्षीदार लागतात,
सही होताना डोळ्यांनी पाहिलेले.
वकीलसाहेब चहा ओतता ओतता म्हणाले,
जंगमापुरता बोलला माणूस,
स्थावरापुरता मुकाच गेला.

तेव्हा वारस पोरगी. करुणा.
तर्फे मुखत्यार, मुक्काम नागपूर.
ती वाईट नाही. फोनवर म्हणाली होती, आत्या राहू दे तिथं.
मुखत्यार म्हणाला, आधी नावावर तर होऊ द्या.
आणि बुधाबाईनं अठ्ठ्याऐंशी सालीच
हक्कसोडीवर अंगठा दिलेला,
भाऊ म्हणाला म्हणून, बाप तेव्हा नुकताच गेलेला.

मी पोचलो तेव्हा ती मोह वेचत होती.
झाडाखालचा पाला जाळून केलेली काळी जागा,
तिच्यावर पिवळट फुलं, आणि तिची बोटं
चिमणीच्या चोचीसारखी.
मी नोटीस वाचली. कोणाची हरकत असल्यास वगैरे.
"अनिवासी म्हंजे का जी?"
इथं न राहणारा.
ती हसली, दात दोनच उरलेले.
"थो त सातबाऱ्यावर होता, बाबू.
न राहनारी मीच आहो."

मग म्हणाली, "झाड स्थावर. बरं.
अन् खाली पडलेलं फूल?"
मला माहीत नव्हतं. म्हणजे माहीत होतं:
ज्याची जमीन त्याचं झाड, ज्याचं झाड त्याचं फूल.
माहीत नाही म्हणालो.
बोलता बोलता आणखी चार पडली,
ती तिनं उचलली.

हुकूम असतो: नोटीस मालमत्तेच्या ठळक जागी चिकटवावी.
दार ताट्याचं, त्याला लई धरत नाही.
भिंत कालच सारवलेली, ओली.
कोतवाल म्हणाला, झाडाला लावा, रस्त्यावरून दिसते.
मी खिळा काढला.
"खिळा नोको," ती म्हणाली, "फूल धरते अजून."

मग लई फासली. मोहाची साल खरखरीत, भेगाळ,
कागद खालच्या टोकानं सुटायचा, वर लावला की बाजूनं.
दोनदा पडला.
तिसऱ्यांदा बुधाबाई उठली,
चिकट हात लुगड्याला पुसला
आणि तळवा ठेवला त्याच्यावर,
भावाच्या नावाच्या थोडा खाली.
"सुकेतवर धरतो. तू तुहं लिही."

मी तिथंच उकिडवा बसून अहवाल लिहिला.
वेळ सात वाजून वीस.
पंच दोन, कोतवाल आणि सायकल दुरुस्तीवाला.
या कागदाला तरी साक्षीदार पुरे होते.
नोटीस ठळक जागी चिकटवली.

सही घेतली, तारीख टाकली.
वर पाहिलं तर ती अजून हात धरून उभी,
टोपलं दुसऱ्या हाताच्या खाकेत,
आणि उन्हं चढायच्या आत
वेचायचं बरंच राहिलेलं.